दर्भाचा कावळा आणि समुद्रासमोरची खोली

मंडळी, एक विचारतो, बघा उत्तर देता येतं का. केल्या कर्माचं फळ भोगावं लागतं, हे मी दरवर्षी सांगतो आणि तुम्ही दरवर्षी माना डोलावता. पण जे आपण केलंच नाही, त्याचं देणं लागतं का? नाही म्हणताय? ते खांबाला टेकलेले काका तर फारच जोरात मान हलवताहेत. बरं, काका, टेकूनच ऐका.

विट्याला भालचंद्र शिराळकर म्हणून एक गृहस्थ. वीजखात्यात मीटर तपासत तपासत निवृत्त झाले. माणूस सचोटीचा, पण रोखठोक. न घेतलेल्या वस्तूचा छदाम द्यायचा नाही, आणि पाळता येणार नाही तो शब्दही द्यायचा नाही! बायको कुमुदिनी. त्या माउलीची सगळ्या संसारात एकच हौस – समुद्र बघायचा. एकदा, दोघांनी. हे म्हणायचे, ‘‘पुढच्या वर्षी बघू. पाणीच आहे ते, पळून जातंय होय?’’

पाणी नाही पळालं. बाईच गेली.

दहाव्याला सगळे घाटावर बसले. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. झाडावर बसलाय, बघतोय, खाली उतरत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, अशा वेळी काय करतात. गेलेल्याची इच्छा राहिली असेल, तर कुणीतरी शब्द द्यायचा. एक म्हणाला, दागिने लेकीला देऊ. दुसरा म्हणाला, गाय सांभाळू. कावळा ढिम्म. शेवटी धाकटी जाऊ सिंधू शेजारून हळूच म्हणाली, ‘‘भावोजी, समुद्राचं बोला ना.’’

भालचंद्ररावांच्या ओठावर आलं होतं, मंडळी. पण वाटलं, आता ती नाही, तर कुणाला दाखवायचा समुद्र? खोटा शब्द कशाला द्या? आणि चारचौघांत रडू फुटेल, ही भीती वेगळीच. म्हणाले, ‘‘गुरुजी, ऊन चढलं. दर्भाचा कावळा करा आणि उरका.’’

केला. गवताची काडी वळली, पिंडाला टेकवली, झालं. शास्त्रात सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण झाडावरचा तो खरा कावळा सगळे निघेपर्यंत तिथंच बसून होता. त्या दिवशी होळी होती. घाटाच्या वर पोरं लाकडं रचत होती.

वर्ष सरत आलं. पुन्हा होळी तोंडावर आली. एका सकाळी भालचंद्रराव पासबुक भरून आणतात आणि बघतात, तर खात्यातून पैसे गेलेले. कुठं? ‘सागरछाया, पर्यटक निवास’. कोकणातलं गाव. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या कीर्तन सोडून निम्मे तिकडं निघाल!

माणूस तडक बँकेत. काउंटरवर मोमीन मॅडम. शांतपणे म्हणाल्या, ‘‘काका, चोरीच असेल असं नाही. कधी कधी पासबुकात नाव वेगळं येतं, कधी घरच्याच कुणीतरी बुकिंग केलेलं असतं. थांबा, बघते.’’ त्यांनी बघितलं. ‘‘खातं जोडीचं आहे ना? पैसे कुमुदिनी शिराळकरांच्या कार्डावरून गेलेत. बाईंना विचारलंत का?’’

‘‘तिला जाऊन वर्ष होत आलं.’’

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाल्या, ‘‘कार्ड कुठंय?’’

कार्ड कपाटात होतं. कुमुदच्या पर्समध्ये, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. चोरी झाली की काय म्हणून घरून निघताना भालचंद्ररावांनी स्वतः बघितलं होतं. पर्सला तिनंच बांधलेली नाडी, तिचीच गाठ.

मॅडमनी तक्रारीचा कागद पुढं केला. ‘‘‘हा व्यवहार आमच्यापैकी कुणी केलेला नाही’, याखाली सही करा. पैसे परत मागता येतील. पण त्याआधी त्या निवासवाल्यांना एक फोन लावा, नंबर आहे इथं.’’

फोन उचलला मयेकर वहिनींनी. जागा त्यांची. ‘‘शिराळकर? हो हो, खोली लावून ठेवलीय की! समुद्रासमोरची. वहिनींनी गेल्या वर्षीच फोनवर कार्डाचे नंबर देऊन ठेवले. म्हणाल्या, ह्यांना यंदा जमायचं नाही, पुढल्या होळीला दोघं येऊ, पैसे तेव्हाच कापा.’’

‘‘फोन कधी आला होता?’’

‘‘होळीच्याच सकाळी. मी पुरण वाटत होते, हात धुऊन लिहून घेतलं.’’

मंडळी, होळीची सकाळ! कुमुदिनीबाईंचे पिंड मांडलेले, आणि सगळे वर बघत बसलेले. तुम्ही म्हणाल, जावेनं केला असेल फोन. भालचंद्ररावांनाही आधी तेच वाटलं. पण सिंधू तर घाटावर त्यांच्या शेजारी बसली होती. मग कुणी केला? मला विचारू नका. मी कीर्तनकार आहे, फौजदार नाही.

मयेकर वहिनी फोनवर पुढं बोलतच होत्या. ‘‘लवकर या हो. खिडकीसमोरच्या माडावर एक कावळा येऊन बसतोय रोज. भात ठेवला तरी शिवत नाही. सासूबाई म्हणतात, कुणाची तरी वाट बघतोय.’’

भालचंद्ररावांनी फोन ठेवला. समोर कागद, हातात पेन. सही केली की पैसे परत. पण सही करायची म्हणजे, कुमुद, ही हौस तुझी नव्हतीच, असं लिहून द्यायचं. दुसऱ्यांदा दर्भाचा कावळा! त्यांनी पेन खाली ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, ‘‘काका, पण कार्ड बंद करावं लागेल हं. मृत्यूचा दाखला आणा.’’

‘‘आणतो,’’ ते म्हणाले. ‘‘होळी झाल्यावर.’’

एसटीनं गेले. दारात मयेकर वहिनींनी विचारलं, ‘‘आणि वहिनी?’’ जन्मात खोटं न बोललेला माणूस म्हणाला, ‘‘येतेय मागनं.’’ असं का म्हणालो, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

खिडकीपुढं पानावर दहीभात ठेवला. कावळा माडावर, हलेना. भालचंद्रराव म्हणाले, ‘‘कुमुद, आलो गं. चल.’’ आणि धोतर खोचून एकटेच पाण्यात गेले. गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि घाटावर अडवून धरलेलं रडू तिथं रडले. बराच वेळ रडले.

परत आले, तर पान लख्ख. शीत राहिलं नव्हतं. माड रिकामा.

पायरीवर मयेकर वहिनी पाण्याची बादली घेऊन उभ्या. त्यांनी भालचंद्ररावांच्या खांद्यामागं बघितलं आणि हसून म्हणाल्या, ‘‘अगंबाई, वहिनी तर पार चिंब भिजल्या. टॉवेल देऊ?’’

भालचंद्ररावांनी मागं वळून बघितलं नाही.

‘‘द्या,’’ ते म्हणाले. ‘‘दोन द्या.’’

काय काका, खांब सोडून ताठ बसलात? आता सांगा, न केलेल्याचं देणं लागतं की नाही? तुमच्या घरातही कुणीतरी काहीतरी मागितलंय, आणि तुम्ही पुढच्या वर्षावर ढकललंय. कुणाला माहेरी जाऊन राहायचंय, कुणाला नुसतं तुमच्याशी घटकाभर बोलायचंय. ती माणसं अजून घरात आहेत, मंडळी. जागी आहेत, तुमच्यासाठी ताट झाकून बसलीत. आज आरती झाली की प्रसादाला रेंगाळू नका, सरळ घरी जा आणि विचारा. कारण दर्भाचा कावळा करता येतो हो. दर्भाचा समुद्र करता येत नाही.