क्रूझवरची बिनखिडकीची खोली

तुम्हाला खोटं कशाला सांगू, शेजारी क्रूझवरची खोली ठरत असताना मला घरात बसवत नाही. भुकूममध्ये असं रोज कुठं घडतं? साखरेची वाटी घेऊन गेले.

सुमनवहिनींचा नीलेश आई-वडिलांना तीन दिवस बोटीवर पाठवत होता. मोबाईलवर खोल्या दाखवत म्हणाला, "ही बाल्कनीची, ही खिडकीची. ही आतली, हिला काहीच नाही."

"बाल्कनीचीच घे," दत्ताभाऊ म्हणाले. "समुद्र बघाया चाललोय न्हवं?"

"मला आतली," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पाण्याला भ्यालीस व्हय?"

मीही सांगून पाहिलं, "वहिनी, तिथं दिवस आहे का रात्र, तेसुद्धा कळत नाही."

"त्येच पायजे. तीस वर्सं पहाटं उठून म्हशींची धार काढतीया. तीन दिवस मला उजाडल्यालं दिसायलाच नगं."

नीलेशनं आतली खोली नोंदवली.

मी आपलं सहज विचारलं, "मग तीन दिवस धार कोण काढणार?"

"तुमीच की," वहिनी म्हणाल्या. "आमच्या गोठ्यात दिवा लागला की तुमी खिडकीत उभ्या असताच."