पहाटपक्षी आलाच नाही

दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी चाळिशीतले बहीणभाऊ होते. भाऊ तावातावाने बोलत होता, त्यामुळे बाईंना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"सत्तावीस वर्षं झाली, ताई, तरी डोकं फिरतं. त्या कार्डांच्या खेळाच्या कंपनीने तिसऱ्या संचात राणीचं कार्ड काढलं. त्यावर छापलं, हिला फक्त पहाटपक्षी हरवेल. आणि पक्षी चौथ्या संचात."

"जो निघालाच नाही."

"कंपनीनेच गाशा गुंडाळला. असा खेळ कोणी आखतं का? राणी ज्याच्याकडे, तो कायमचा जिंकला."

"माझ्याकडे होती."

"माहितीये. तीनशे कार्डं जमवून मी रोज तुझ्याकडून हरायचो. शेवटी खेळणंच सोडलं."

"महिनाभर."

"मग कंपनीचं पत्र आलं म्हणून परत बसलो. चांगलं टाईप केलेलं, शिक्का मारलेलं. पक्षी लवकरच येत आहे, तोवर खेळत राहा. मी दोन वर्षं दुकानात खेटे घातले. पोरांना असं लेखी फसवतात म्हणजे काय?"

"सोड ना आता."

"का सोडू? परवा जुनं कात्रण सापडलं. कंपनी मार्चमध्ये बंद पडली. पत्र जूनचं आहे. मग ते लिहिलं कोणी?"

ताई भिंतीवरचं दाढेचं चित्र निरखत बसली.

"ताई."

"घरात दुसरं कोण होतं रे माझ्याशी खेळायला?"

"मग राणी बाजूला ठेवायची होतीस."

"ती कशाला ठेवू? जिंकत होते ना मी."