तिब्रच्या हातावरची हरकूस

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मुख्याध्यापक सी मुख्तार, व्यासपीठावरचे आदरणीय पाहुणे, सत्कारमूर्ती नाजिहा बाई, आणि मकरूदच्या मिठाईच्या ताटांकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

निरोपाचं बोलायला मला उभं केलंय खरं, पण मी घाबरलोय. सातवीत शाळा सोडून स्फाक्सपासून मार्सेपर्यंत भटकलेला मी, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. मार्सेत एकदा मासेवाल्याची पाटी रंगवताना... असो, ते राहू दे. भीती भाषणाची नाही. लझर काका मागच्या दाराशी उभे आहेत, बसा म्हटलं तरी बसत नाहीत, त्याची आहे.

बाईंनी आठवीच्या मुलांना सांगितलं होतं, स्वतःचा चेहरा काढा, पण त्यात घरातल्या कुणाची तरी एक खूण येऊ द्या. रंग कालवायला मी होतो. हातिमनं बापाचा तुटका दात काढला. तिब्रला काही सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ती चक्क आपल्या दौजा आजीलाच वर्गात घेऊन आली. हनुवटीवर गोंदण, मुठीत हरकूसची कुपी! म्हातारीनं नातीचा हात ओढला आणि लग्नातल्या त्या काळ्या शाईनं कोपरापर्यंत नक्षी काढत सुटली.

"आजी, अगं हे नवरीचं आहे!"

"मग? तुझं लग्न बघायला मी उरणारे होय? हलू नकोस, नाहीतर नवरा तिरळा मिळेल."

वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या म्हातारीला नको कोण म्हणणार होतं, सांगा? पण हरकूस साबणानं जात नाही. तिब्र घरी पोचायच्या आत गावभर झालं, पोरीचं लग्न ठरलं! तिचा बाप फ्रान्सला, घरात शब्द तिच्या या लझर काकांचा. ते तडक शाळेत आले.

"नवरा कोण, बाई? आम्हाला तरी कळू द्या."

"चित्रकलेचा तास होता, काका."

"चित्रं कागदावर काढतात. तुमची बदली झालीय ना? तुम्ही आहात तोवर येईल पोरगी. मग शाळा बास. हात रंगलेच आहेत, मागणीही येईल."

मी तिथेच होतो, खाली बघून रंग कालवत.

तेव्हापासून तिब्र हात ओढणीत गुंडाळून बसते. आत्ताही, तिसऱ्या रांगेत, आजीशेजारी. उद्या बाईंची नव्या शाळेला, तातावीनला जायची गाडी. मग? वर्गातलं तिचं बाक रिकामं दिसलं तर आपण काय म्हणणार आहोत? त्यांच्या घरचा मामला?

सी मुख्तार घड्याळ बघतायत. कळलं, आवरतो. बाई, तुम्ही पोरांना स्वतःचा चेहरा काढायला शिकवलंत. आम्ही मोठे मात्र खाली मान घालून बसलोय.

आयोजकांचे आणि सकाळपासून चुलीपुढे असलेल्या बायाबापड्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, तर पाट्या रंगवणाऱ्याची जीभ म्हणून सोडून द्या. लझर काका, तुम्हीसुद्धा. आता बाईंसाठी जोरात टाळ्या होऊ द्या.

तिब्रही वाजवतेय. ओढणी खाली पडलीय. नक्षी अजून काळीच आहे. काका दारातून पुढे निघालेत... आणि दौजा आजी उठून वाटेत उभी राहिलीय.

मी थांबतो. तुम्ही टाळ्या थांबवू नका.