सासूबाईंचा फोन आणि माझं खोकं

...नाही, पण मला सांगा, चालणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही असा कायदा आहे का कुठे? हो, चालत होता! कबूल! मी माझ्या या दोन हातांनी बनवलेला सिंथेसायझर अगदी व्यवस्थित चालत होता, तरी मी त्याला हात लावला, आणि तेव्हापासून जो भेटतो तो मान वाकडी करून एकच विचारतो, "चालत होतं ना?"

सिंथेसायझर म्हणजे, तुम्हाला सांगतो, वाद्यच, पण त्याला ना तारा ना कातडं, नुसती वीज आणि बटणं. एक बटण फिरवलं की आवाज जाड, दुसरं फिरवलं की पातळ, तिसरं फिरवलं की आमची बायको आतल्या खोलीतून, "अहो, कोण मेलं?" बाजारात तयार मिळतो, मिळतो ना, पण नाही, आपण बनवायचा! सुटे भाग मागवायचे, ते असे तांदळाएवढे, म्हणजे शिंकायची सोय नाही... एकदा शिंकलो, तर सगळी सकाळ जमिनीवर ओणवा, हातात भिंग! मग एकेक भाग बोर्डावर डागायचा, बोटं भाजून घ्यायची, आणि हे सगळं बसवायला पेटी हवी म्हणून मी स्वयंपाकघरातला चमच्यांचा खणच काढून घेतला. तेव्हापासून आमचे चमचे बरणीत उभे आहेत आणि बायको माझ्या वाद्याला खोकं म्हणते. म्हणू दे. मीही म्हणायला लागलो.

तर या खोक्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं हो! माझी धाकटी बहीण नाटकं बसवते. तिच्या नव्या नाटकात एक म्हातारी लिफ्ट आहे, सगळं नाटकभर मुकाट वर-खाली करते आणि शेवटी बोलते. शब्दांत नाही, नुसत्या आवाजात. बहीण म्हणाली, "दादा, लिफ्ट तू वाजवायचीस. रंगमंचावर बसून. लोकांसमोर." अहो, मी लगेच हो म्हटलं! इतकी वर्षं वाजवतोय, पण लोकांसमोर? पाहुणे आले की बायको खोक्यावर टेबलक्लॉथ घालते!

आता गंमत अशी, की खोकं तापलं की त्याचा सूर केसभर चढायचा. केसभरच! पण मला कळायचं ना. बायकोला दोन्ही सूर ऐकवले, म्हटलं, फरक कळतो का? म्हणाली, "दोन्ही सारखेच वाईट आहेत." आणि नेमकं तेव्हाच, ज्यांनी सुटे भाग पाठवले त्यांनी कळवलं, की नवीन आवृत्ती आली आहे, आता सूर चढणार नाही. म्हणजे काय, तर आतल्या चिपमधला प्रोग्रॅम बदलायचा. कसा बदलायचा? इथेच तर सगळं घोडं अडलं! तो प्रोग्रॅम म्हणजे एक आवाज असतो. किर्रर्र... ट्रींईं... खर्रर्र... असला. तो फोनवर लावायचा, वायरीतून खोक्याला ऐकवायचा, आणि खोकं ऐकून ऐकून शिकतं. मध्ये दुसरं टिंग झालेलंसुद्धा चालत नाही, लगेच लाल दिवा! आणि जुना प्रोग्रॅम म्हणाल, तर तो सुरुवातीलाच पुसला जातो. म्हणजे जुनं गेलं, नवं आलं नाही, राहिलं काय? खोकं!

बरं, वायर लावायला फोनला हेडफोनचं भोक हवं. माझ्या फोनला नाही, बायकोच्या नाही, हल्लीच्या फोनांना नसतंच. कॉम्प्युटरला होतं, पण ते मीच एकदा दुरुस्त करायला घेतलं होतं, तो विषय नको. घरात भोकाचा फोन एकच. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंचा!

आणि सासूबाईंचा फोन म्हणजे काय, तो कधी गप्प बसलेला कुणी पाहिला आहे का? मी वायर लावतो, किर्रर्र सुरू होतं, खोकं शिकायला लागतं, जुनं पुसलं जातं... आणि वाजला! मैत्रीण! सासूबाईंनी वायरीसकट फोन कानाला लावला, "नाही गं, मोकळीच आहे, जावईबापू त्यांच्या खोक्याला काहीतरी पाजतायत..." लाल दिवा.

म्हटलं, आई, थोडा वेळ कुणी फोन करणार नाही असं बघाल का? बाई गुणाची हो, खोटं कशाला बोलू! लगेच बसल्या आणि एकेक मैत्रिणीला फोन करून सांगितलं, "आज मला फोन करू नका, जावयाचं काम चाललंय." सगळी दुपार त्यात गेली. मग मी पुन्हा किर्रर्र सुरू केलं, आणि एकीमागून एक सगळ्यांचे फोन! "झालं का गं जावयाचं काम?" लाल दिवा, लाल दिवा, लाल दिवा.

शेवटी मी फोन विमानात घातला. म्हणजे तो विमानाचा मोड हो! आता जगातून कुणाचा फोन येणं शक्य नाही. किर्रर्र... ट्रींईं... श्वास रोखून बसलो, आता होतंय, होतंय... आणि फोनमधून बाईचा आवाज, "रक्तदाबाची गोळी घ्या! रक्तदाबाची गोळी घ्या!" गजर! सासूबाईंनी शांतपणे गोळी घेतली, पाणी प्यायल्या, लाल दिव्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, चालत होतं ना?"

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. बहिणीचा फोन, "दादा, चालत होतं ना? राहू दे मग, मी एका मित्राचा तयार कीबोर्ड आणते." बोलली ती साधंच, पण मला लागलं. म्हटलं, नाही! मी येतो, तिथे बसून करतो! खोकं काखेत, फोन हवाच, आणि फोन सासूबाईंशिवाय कुठे जात नाही, म्हणून सासूबाईही रिक्षात.

नाट्यगृहात ध्वनीवाल्यानं खोक्यात डोकावून विचारलं, "साहेब, आधी चालत होतं ना?" मी सरळ कामाला लागलो. दोन फाट्यांची वायर घेतली, एक फाटा खोक्यात, दुसरा त्याच्या स्पीकरला, म्हणजे कुठे अडतंय ते मला ऐकू यावं. गजर काढून टाकला, सासूबाईंना गोळी आधीच दिली. बटण दाबलं आणि... अहो, अख्खं नाट्यगृह! किर्रर्रर्र! ट्रींईंईं! खर्रर्रर्र! स्पीकर पूर्ण उघडा ठेवलेला त्या भल्या माणसानं! रंगमंचावर शेवटचा प्रवेश चाललेला, नट जागच्या जागी थिजले, मी धावलो वायर उपटायला, तर बहीण खुर्च्यांच्या मधून ओरडतेय, "दादा, हात लावू नकोस! हीच! हीच माझी लिफ्ट!"

आवाज संपला. हिरवा दिवा! खोकं शिकलं! मी लगेच वाजवून दाखवलं, आणि खरं सांगतो, इतका स्थिर, इतका गोड सूर मी त्यातून कधी काढला नव्हता. बहिणीनं पूर्ण ऐकलं, पाठीवर हात ठेवला. "सुंदर आहे रे दादा. पण ही लिफ्ट नाही. ही लिफ्टमधली मऊ खुर्ची आहे."

मग काय होणार? लिफ्ट म्हणजे ते किर्रर्र, ते फोनमध्ये, फोन सासूबाईंचा, आणि आता तो त्या दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. प्रयोगाला रंगमंचावर खुर्ची, खुर्चीवर प्रकाश, प्रकाशात सासूबाई. शेवटच्या प्रवेशात चष्मा वर करून फोनवरचं एक बटण दाबतात आणि प्रेक्षक उभे राहतात! मी विंगेत असतो, त्यांची पाण्याची बाटली धरून. वाईट वाटतं? वाटतं हो, कशाला लपवू. त्या दिवशी प्रयोग संपल्यावर एका गृहस्थांनी गर्दीत माझा हात धरला, डोळ्यांत पाणी त्यांच्या. "काय वाजवलं हो बाईंनी! तुम्हीपण संगीतातलेच का?"

म्हटलं, नाही, मी त्यांचा जावई.