बाकी पाच जणींना बोलवावे

आजच्या समारंभाचे आणि शाळा व्यवस्थापन समितीचेही अध्यक्ष आदरणीय कवडूजी, तालुक्याच्या धावपळीतून वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख माननीय वीरेंद्र सर, आजच्या सत्कारमूर्ती, या शाळेच्या मावळत्या मुख्याध्यापिका चंद्रकांता मॅडम, व्यासपीठावरील अन्य मान्यवर, उपस्थित माता-भगिनी, ग्रामस्थ, आणि देहाने सतरंजीवर पण मनाने केव्हाच मैदानात पोचलेले विद्यार्थी मित्रहो,

प्रारंभीच एक गंभीर तक्रार नोंदवणे मी कर्तव्य समजतो. समारंभापूर्वी सर्वांना पोहे मिळाले. व्यासपीठावरच्या पोह्यांवर झणझणीत रश्श्याची तर्री होती. वार्ताहरांच्या पोह्यांवर नव्हती. संस्कृत पाठशाळेत माझी आठ वर्षं गेली. तिथे जेवण साधं होतं, कधी अपुरंही, पण पंक्तिप्रपंच केल्याचं आमच्या गुरुजींच्या कानावर गेलं तर वाढप्याला त्या दिवशी उपास घडे. मी मात्र कोणाला उपास घडवू इच्छित नाही. फक्त बातमीत या गोष्टीचा उल्लेख येईल, एवढं नम्रपणे सांगतो.

चंद्रकांता मॅडमविषयी बोलायला मला बोलावलं आहे. त्यांचा माझा संबंध वार्ताहर म्हणून नाही, पालक म्हणून आहे. आणि पालक म्हणूनही जरा वाकडाच. कारण माझी मुलगी तृप्ती या जूनपर्यंत कोणत्याच शाळेत नव्हती. तिला तिची आई घरी शिकवत होती. माझी पत्नी शुभांगी बी.एड. आहे. शासनाने तिला वर्ग दिला नाही, म्हणून तिने घरातच एका विद्यार्थिनीचा वर्ग काढला. पट एक, हजेरी शंभर टक्के, गळती शून्य.

शिकवणं कसं, तर अर्धं घरात आणि अर्धं माझ्या सासूबाईंच्या, ललिताबाईंच्या धानाच्या बांधीत. क्षेत्रफळ बांधीभोवतीच्या धुऱ्यावर चालून, घनफळ बोडीच्या तळ्यात. पोरगी शिकत होती. पण शिकते आहे यावर विश्वास कोणाचा? शाळेत जाणाऱ्या मुलाला कोणी लग्नात पाढे विचारतं का? माझ्या मुलीला विचारत. पंगतीत, पानावर वरण वाढलेलं असताना. आपल्या अध्यक्षमहोदयांनीच एकदा तिला सतराचा पाढा विचारला. तिने म्हटला. शेजारी त्यांचा नातू जिलेबी खात होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. कवडूजी हसत आहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

असो. यंदा तृप्तीनेच हट्ट धरला की मला सहावीत शाळेत जायचं. तिला कबड्डी खेळायची होती, आणि घरच्या वर्गात समोरच्या बाजूने आईच उभी राहायची. आम्ही मॅडमकडे आलो. त्या म्हणाल्या, खुशाल आणा, पण पाचवीची परीक्षा द्यावी लागेल, पन्नासपैकी अठरा गुण.

आता घरातली अवस्था सांगतो. परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे, हे आम्ही दोघं पाच वर्षं गावाला ऐकवत होतो. आणि त्याच आठवड्यात मी तुमसरहून सराव प्रश्नसंच आणून वर्तमानपत्रांच्या रद्दीत लपवला. शुभांगीने तोच संच आणून तांदळाच्या कोठीमागे लपवला होता. दोन्ही तृप्तीला सापडले. ती म्हणाली, एकच पुरला असता.

परीक्षा झाली. भाषेत उत्तम गुण पडले. गणितात सतरा. एका गुणाने नापास.

तो प्रश्न मला पाठ आहे. सहा बाया एका शेताची रोवणी चार दिवसांत करतात, तर एक बाई ती किती दिवसांत करेल? गुण दोन. माझ्या मुलीने लिहिलं होतं, ‘सहा चोक चोवीस. पण एकटी बाई रोवणी करत नाही. चोवीस दिवसांत पऱ्हे म्हातारे होतील. बाकी पाच जणींना बोलवावे.’

त्यावर लाल रेघ. समासात शेरा, ‘प्रश्न नीट वाचा.’

सभाजनहो, या गावात धान न रोवलेली घरं किती असतील? पऱ्ह्यांना महिना उलटला की रोप जून होतं, मग फुटवे धरत नाही, हे इथे पाचवीतल्या मुलाला नाही तर कोणाला ठाऊक असणार? प्रश्न तिने नीटच वाचला होता. ज्याने तो काढला, त्याने बांधी वाचली नव्हती. आकडा बरोबर लिहिलेला, रीत बरोबर, वर खरं सांगितलेलं, आणि त्या खऱ्याबद्दल दोन गुण कापलेले. चुकीसाठी कापले असते तर मी निमूट बसलो असतो. बाकीचे गुण आमच्याच चुकीने गेले होते. तिने कधी घड्याळ लावून गणितं केली नव्हती, शेवटची पाच तशीच राहिली. ते कबूल. पण हे?

मी तरातरा मॅडमच्या खोलीत आलो. त्यांनी उत्तर वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्याही धानकऱ्याच्याच घरच्या. म्हणाल्या, ‘भाऊ, पोरीचं खरं आहे. पण खरं उत्तरसूचीत नाही ना जी.’

मी विचारलं, सवलतीचा एखादा गुण? तर कळलं की सवलतीचे गुण पटावरच्या मुलांना. हिचं नाव पटावर नाही. म्हणजे तर्री पुन्हा व्यासपीठावरच.

तरी मॅडमनी उत्तराची प्रत जोडून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. निवृत्तीला चार महिने उरलेलं माणूस कशाला कोणाशी वाकडं घेईल? त्यांनी घेतलं. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘उत्तरसूचीनुसार गुणदान योग्य आहे.’ ते कोणी लिहिलं मला ठाऊक नाही. वीरेंद्र सर, आपण अस्वस्थ होऊ नका, ते आपल्या टेबलावरून आलेलं नव्हतं, मी चौकशी केली आहे. पाठशाळेत आमची परीक्षा गुरुजींसमोर बसून होई. उत्तर वेगळं आलं की गुरुजी विचारत, असं का म्हणालास? त्या एका ‘का’साठी मार खायचीही आमची तयारी असे. या उत्तरसूचीला ‘का’ विचारायला तोंडच नाही, आणि तिच्यापुढे अकरा वर्षांची पोर उभी करायची.

मॅडमनी मला बसवून सांगितलं की जूनमध्ये पुनर्परीक्षा आहे, रागावून उपयोग नाही, पोरीचं वर्ष जाईल. त्या दिवशी त्यांनी पाजलेला चहा मी विसरणार नाही. पुनर्परीक्षेला पटाबाहेरच्या मुलांची जागा व्हरांड्यात होती. तिथे ऊन येत होतं. मॅडमनी तृप्तीचं बाक उचलून स्वतःच्या खोलीत घेतलं आणि आपण बाहेर खुर्ची टाकून बसल्या. छत्तीस वर्षांच्या सेवेचं मानपत्र आज वाचलं गेलं. त्यात हे नव्हतं, म्हणून सांगितलं.

प्रश्न तोच आला. फक्त बाया आठ झाल्या होत्या आणि दिवस तीन. तृप्ती उत्तीर्ण झाली. पन्नासपैकी एकेचाळीस. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी हे सांगतोय म्हणून माझ्यावर चिडली आहे.

इथे टाळ्या वाजवू नका, गोष्ट संपलेली नाही.

गेल्या महिन्यात सासूबाईंकडे रोवणी होती. रविवार, म्हणून तृप्तीही चिखलात होती. सासूबाईंना पेपरची गोष्ट माहीत. बायांना हसवायला त्यांनी विचारलं, ‘काहो तृप्ती, मी एकटीच रोवीन तं कितीक दिवस लागतीन मले?’

‘चोवीस,’ तृप्ती म्हणाली.

‘अन् पऱ्हे बुढे नाही होतीन?’ बाया हसल्या.

तृप्ती हसली नाही. तिने वळून धुऱ्यावर उभ्या माझ्याकडे पाहिलं. बरोबर आलं का, असं. तिच्या हातात पऱ्ह्यांची जुडी होती. पूर्वी बांधीत तिला काही विचारलं की उत्तरासाठी ती हातातल्या जुडीकडे पाहायची.

मॅडम, आपण आम्हाला दिलेल्या सावलीबद्दल, पत्राबद्दल आणि चहाबद्दल या सभेसमोर आभार मानतो. आपल्याला निरोगी आयुष्य लाभो, आणि आता तरी प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांविना उन्हाळा मिळो. अध्यक्षमहोदय, मला दिलेली दहा मिनिटं मी ओलांडली. पोह्यांवरून बोललो, वीरेंद्र सरांना उगाच घामाघूम केलं, त्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं.

एक मात्र पोटात घालू नका. इतका वेळ मी उत्तरसूचीवर ओरडलो, पण पुनर्परीक्षेच्या आदल्या दिवशी तृप्तीला समोर बसवून सांगितलं ते मी. आजी काय म्हणते ते लिहायचं नाही, फक्त आकडा लिही आणि पुढे जा. तिने विचारलं, का? मी म्हणालो, लिही म्हटलं ना.

ती नापास होईल ही भीती गेली. आता भीती वाटते ती एवढीच, की ती माझं ऐकायला शिकली.