दिवा विझेपर्यंत

गॅरेजमध्ये माझ्या आधी एका बाईंचा नंबर होता.

“दादा, रोज सकाळी गाडी चालू केली की ऑइलचा लाल दिवा डोळे वटारतो. मागच्या हिवाळ्यात एकदाही दिसला नव्हता.”

“गेज लावून बघितलं. इंजिन तापलं की प्रेशर ठणठणीत आहे. तेल जाड आहे, थंडीत वर चढायला वेळ लागतो. मागच्या वर्षी सकाळी गाडी कोण चालू करायचं?”

“सासरे. मी निघायच्या आधीच जाऊन गाडीत बसायचे. उगीच पेट्रोल का जाळता म्हणून मी रोज त्यांचं डोकं खायचे. शेवटी कंटाळून धाकट्या दिरांकडे राहायला गेले.”

“दिवा तेव्हाही लागत असणार, ताई. तो विझेपर्यंत ते बसत असतील.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“पातळ तेल घालू ना?”

“घाला. पण गाडी आजच द्या. दिरांकडे जायचंय.”