गुळाचा नाताळ

आन् वरनं डॉक्टर मलाच इचारतो, "एवढं खाल्लंत कशाला?" अहो, मी खाल्लं कुठं, मला खायला घातलं. तुम्हाला सांगतो, बिरोबाची आण घेऊन सांगतो, यातला एक शब्द खोटा निघाला तर माझं नाव संपत न्हाई. सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हंजी, केकचं पीठ कालवलं त्या दिवशी मी मालगाडी घेऊन मनमाडच्या अलीकडं सिग्नलला उभा होतो, पण डोळे माझेच होते ना? फक्त घरी दौंडात नव्हते, एवढंच.

आता आधी माझी अडचण ऐका. मी रेल्वेत डायवर. सव्वीस वर्षं मालगाडी ओढली. मालगाडीचा डायवर म्हंजी काय, तर ज्याला कुणी टाटा करत न्हाई. मागं कोळसा, सिमेंट, कांदा... कांदा कधी हात हलवतो का? आन् या जानेवारीत माझा पुण्याच्या पॅसेंजरवर नंबर लागणार होता. म्हंजी प्लॅटफॉर्मवर माणसं घड्याळात बघत आपली वाट बघणार. शिव्या घालतील, पण वाट बघतील. किती वर्षांनी हो! फक्त एकोणतीस डिसेंबरला रेल्वेची मेडिकल. साखर दीडशेच्या आत पाहिजे, न्हाईतर पॅसेंजर गेली आन् मालगाडी पण गेली, खाली उतरून ऑफिसात बसा. आन् नोव्हेंबरात माझी साखर किती? दोनशे दहा.

घरात दुखवटा. बायको म्हणाली, "आजपासनं चहा बिनसाखरेचा." म्हटलं बरं. भात बंद. म्हटलं बरं. बटाटा बंद. म्हटलं, अगं मग मला पण बंद कर एकदाचा.

तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधल्या रतनबाई आल्या. रेल्वेच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर, अख्ख्या कॉलनीला अजून छडी दाखवल्यागत बोलतात. एकोणीस वर्षं नाताळाचं पहिलं ताट त्यांच्याकडनं आमच्याकडं येतं. केक, करंज्या, कुलकुल... कुलकुल म्हंजी आपले शंकरपाळे, फक्त शंखासारखे वळलेले. तर त्या दारातच म्हणाल्या, "संपत, तुझी साखर वाढली म्हणून मी ताट चुकवणार न्हाई. आन् तुला गोड घालून तुझी नोकरी पण घालवणार न्हाई. औंदा सगळं हेल्दी." पाठीमागं त्यांची सून तेजश्री, हातात मोबाईल. "काका, मैदा कॅन्सल. नाचणी, बाजरी, खजूर. तळायचं न्हाई, भाजायचं. आन् साखरेचा एक दाणा न्हाई."

"मग गोड कशानं?"

"गुळानं. गुळाचं हाय, चालतंय."

आता गूळ आणायचा कुठनं? पाटसला माझा मेहुणा खंडू, त्याचं गुऱ्हाळ. मी फोन केला, म्हटलं, "खंडू, लेका खरं सांग, गुळानं साखर वाढती का?" तो इतका हसला की मागं काहिलीवरचं माणूस पण हसायला लागलं. "दाजी, साखर कारखान्यात बनती. गूळ गुऱ्हाळात बनतो. जागा वेगळी, धूर वेगळा, मग रोग एक कसा हुईल? धुराड्यातनं गेली ती साखर. काहिलीत राहिलं ते औषध." आता तुम्ही सांगा, याच्यात चूक कुठं काढायची? मला तरी सापडली न्हाई. दहा किलोची ढेप घेऊन आलो.

तर आमच्याकडं नाताळाच्या आधी केकचं पीठ घरी कालवतात आन् डबे बेकरीच्या भट्टीत भाजायला नेतात. डब्यावर नावाची चिठ्ठी. ती हमाली माझ्याकडं, पीठ कालवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रेस्टला. सहा डबे नेले, दुपारी आणायला गेलो. रतनबाईंनी एक कापला आन् पहिला तुकडा माझ्या हातावर. "चाख."

चाखला. आता काय सांगू... रुळाखालची खडी परवडली. दात मागं सरकला. अहो, उभी गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली आम्ही लाकडी पाचर लावतो, तर दुसऱ्या दिवशी मी त्यातलाच एक तुकडा लावला, मालाच्या एकोणसाठ वाघिणी जागच्या हलल्या न्हाईत. गार्डसाहेब म्हणाले, संपतराव, ह्ये कुठल्या डेपोचं? म्हटलं, नाताळाचं. तर असला केक. पण म्हातारी समोर उभी, बघती माझ्या तोंडाकडं. नाव कसं ठेवणार? म्हटलं, "झ्याक." हितं घात झाला. "मग अजून घे की. गुळाचं हाय, चालतंय."

बरं, आपल्यात एक रीत हाय. शेजारचं ताट रिकामं परत धाडायचं न्हाई. रतनबाईंचं ताट आलं, मग आमच्या सुवर्णानं रिकामं कसं धाडावं? तिनं बाजरीचे लाडू वळले. गुळाचे. पण धाडायच्या आधी चाखायला कोण? "अहो, तुम्हीच चाखा, तुम्हाला चालतंय." लाडू गेले, तर त्या ताटातनं भाजलेल्या करंज्या आल्या. करंज्यांच्या बदल्यात तिळाच्या वड्या गेल्या. वड्यांच्या बदल्यात खजुराचा दुसरा केक आला. ते ताट एवढ्या खेपा करायला लागलं की दौंडच्या स्टेशनात त्याला एक लाईन मोकळी ठेवली असती तर बरं झालं असतं. आन् दोन्ही टोकाला उतरून घेणारा मी एकटा.

कॉलनीत बातमी गेली. संपतरावांची मेडिकल हाय, त्यांना सगळे पौष्टिक देतात. मग पलीकडच्या पार्वतीबाईंनी नाचणीची बिस्किटं धाडली. वरच्या मजल्यावरच्या शितलनं शेंगदाण्याची चिक्की. एकेक बाई दारात उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायची, जसं काय सिग्नल पडायचाय. "भावजी, खावा की. गुळाचं हाय, चालतंय." मी खायचो. माया करतात माणसं, तिला न्हाई कसं म्हणायचं? पंचवीस तारखेला चर्चवरनं आल्यावर रतनबाईंनी माझ्यासाठी स्वतंत्र प्रार्थना पण केली. डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, या लेकराची गाडी चालू राहू दे." लेकराचं वय त्रेपन्न. तोंडात करंजी होती म्हणून आमेन मनातल्या मनात म्हटलं.

एकोणतीस तारीख. मी ताठ. दीड महिना साखरेचा दाणा पोटात न्हाई, कुणापुढं पण शपथ घेतो. रक्त दिलं. डॉक्टरनं कागद बघितला, मला बघितलं, परत कागद बघितला.

"तीनशे बारा."

म्हटलं, "साहेब, वजन व्हय?"

"साखर."

"साहेब, कागद दुसऱ्या कुणाचा असंल. मी साखर खातच न्हाई. सगळं हेल्दी. गुळाचं हाय..."

तो म्हणाला, "चालतंय असं कोण म्हणालं तुम्हाला?"

आता नावं किती सांगू? मेहुणा, मास्तरीण, तिची सून, माझी बायको, पार्वतीबाई, शितल. म्हटलं, "साहेब, सगळं दौंड म्हणतंय आन् निम्मं पाटस." त्यानं काय ऐकलं न्हाई. खाली सही केली. तीन महिने गाडीवर चढायचं न्हाई.

तवापासनं मी स्टेशनातल्या लॉबीत. ड्युटीवर निघालेल्या डायवरनं दारू पिली न्हाई ना, म्हणून एका मशिनीत फुंकायचं असतं, ती मशीन मी तोंडापुढं धरतो. पुण्याच्या पॅसेंजरवर माझ्याहून सात वर्षांनी लहान विनोद चढला. रोज येतो, फुंकतो, म्हणतो, "येतो हां, संपतदादा," आन् लांबनं टाटा करतो. टाटा मला मिळाला, पण असा.

रतनबाई रडल्या. खरंच रडल्या. म्हणाल्या, "माझ्या ताटानं तुझी गाडी नेली रे." तेजश्रीनं तर मोबाईल उलटा ठेवला. दोघींनी चार दिवस चूल पेटवली न्हाई, आमच्याकडनंच डबा जायचा. आन् म्हातारी मलाच समजावती, पुढच्या नाताळाला तुझ्यासाठी फक्त काकडी कापीन.

आता मगाशी आण घेतलीय, तर एक गोष्ट सांगून टाकतो. केक खडीसारखा होता म्हटलं ना? ते मी रचलं. पाचर पण रचली. केक एवढा मऊ होता की चिमटीत धरवंना. रतनबाईंनी माझ्या हातावर ठेवला तो बोटाएवढा तुकडा, बाकी सगळ्यांनी पण चव बघण्यापुरतंच दिलं. भट्टीवर मात्र मी सहा डबे नेले आन् घरी चारच आणले. म्हटलं, बेकरीवाल्यानं दोन करपवले. ते दोन कुठं गेले, ते मी डॉक्टरला सांगितलं न्हाई, रतनबाईंना न्हाई, सुवर्णाला तर अजिबात न्हाई. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

तीनशे बारा मात्र खरं हाय हो. रचायचंच असतं तर दीडशेच्या आतला आकडा नसता का रचला?